तीस पावलं

माझं कॉलेजात नाव घालायला बा आला होता. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. फी भरून झाली आणि बा परत निघाला. तेवढ्यात व्हरांड्यातून एक उंच, वाळके, शर्टाच्या खिशाला तीन पेन्सिली लावलेले गृहस्थ आले आणि बासमोर उभे राहिले.

"मेंढ्या राखता का?"

बा घाबरला. त्याला वाटलं, आपली मेंढरं कुणाच्या तरी तुरीत शिरली. "व्हय जी," तो कसाबसा म्हणाला.

"मग चला माझ्यासोबत."

आणि त्यांनी बाला थेट बी.एस्सी.च्या वर्गात नेऊन खुर्चीवर बसवलं. स्वतः खडू घेऊन उभे राहिले. मी मागच्या बाकाला चिकटून खाली मान घालून बसले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

"ऊन लई झालं, हे मेंढ्यांना कळतं का?"

"कळतं की. चरायच्या थांबतेत. एकमेकीच्या पोटाखाली मुंडकी घालून उभ्या राहतेत."

"किती वाजता?"

"घड्याळ कुठंय मास्तर आमच्याकडं? सावली पायात आली की."

"बारा महिने?"

बानं जरा विचार केला. "न्हाई. शिमगा झाला की पंधरा दिसानं सुरू व्हतंय. मिरगापस्तोर."

सरांनी हे सगळं फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि खाली बाचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. माझ्या बाचं नाव फळ्यावर लिहिलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते. एकही पोरगं हसलं नाही. सर इतके गंभीर होते, की हसायची कुणाची छातीच झाली नाही. बाहेर आल्यावर बानं हळूच विचारलं, "हा मास्तर येडा हाय का गं?"

मी म्हटलं, "माहीत न्हाई."

आज मी कळमनुरीला शाळेत गणित शिकवते. केस पांढरे व्हायला लागले. या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर मला अजून देता येत नाही.

तेव्हा आमचा भाग परभणी जिल्ह्यात होता, हिंगोली जिल्हा वेगळा व्हायचा होता. सेनगावचं आमचं कॉलेज म्हणजे पत्र्याच्या चार खोल्या, सिमेंटचं एक अंगण आणि मागं लोकांची तुरीची रानं. मी गोरेगावच्या बाजूनं जीपनं यायची. सर गणित शिकवायचे. त्यांच्या बोलण्यात एकच शब्द सारखा यायचा: "किती?"

चहावाला म्हणाला, "सर, आज लई उकडून राहिलं," की हे विचारणार, "किती?"

"कालच्याहून जास्ती."

"किती जास्ती?"

चहावाला कप त्यांच्या हातात देऊन दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळायचा. एकदा प्राचार्य झेंडावंदनाला म्हणाले, "आपण सर्व प्रचंड संख्येनं उपस्थित राहिलात," आणि मागून सरांचा आवाज आला, "त्रेसष्ट." सरांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. त्या सांगायच्या, की कुणाच्या मयतीला जायचं झालं तर त्या सरांच्या शेजारीच उभ्या राहतात. कुणी 'माणूस लई चांगला होता' म्हटलं, की लगेच चिमटा काढायला.

कॉलेजच्या मागं, पत्र्याच्या भिंतीजवळ, चार पायांवर उभी अशी एक पांढरी लाकडी पेटी होती. तिरप्या पट्ट्यांच्या भिंती, आत दोन थर्मामीटर. दिवसातलं सगळ्यात जास्त तापमान एकावर, सगळ्यात कमी दुसऱ्यावर. गावातले लोक तिला 'सरांचा कबुतरखाना' म्हणायचे. रोज सकाळी साडेआठला सर पेटी उघडायचे, आकडे वहीत लिहायचे. अकरा वर्षं हे चाललं होतं. त्या अकरा वर्षांच्या आकड्यांवर ते पीएच.डी. करत होते. आपल्या भागातली हवा तापत चालली आहे, दर वर्षी किती, हे त्यांनी मांडलं होतं. ऑफिसात काचेच्या चौकटीत त्यांचा आलेख टांगलेला होता. खाली ठिपके आणि त्यांच्यामधून वर चढत गेलेली एक सरळ तांबडी रेघ. प्राचार्य पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. सरांची पीएच.डी. झाली, की खुर्ची त्यांचीच, हे शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं.

आणि शनिवारी असायचा सेमिनार. विषय एकच, हवामानाचं गणित. प्रत्येक पोरानं, प्रत्येक पोरीनं वर्षातून एकदा उभं राहायचं, आपण स्वतः मोजलेलं मांडायचं. कुणी धुक्याचे दिवस मोजले, कुणी विहिरीचं पाणी. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं आलेख काढायचे, सुतळीनं फळ्याला टांगायचे. बघायला कुणीही येऊन बसावं आणि कुणीही प्रश्न विचारावा, हा त्यांचा नियम. आमचे शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणायचे, ते दर शनिवारी दाराशी स्टूल टाकून बसायचे. एकदा एका पोरानं वर्तमानपत्रातून पाठ करून उत्तर ध्रुवावरच्या बर्फावर फर्डं भाषण ठोकलं. टाळ्या पडल्या. सर म्हणाले, "तू गेलतास का उत्तर ध्रुवाला?" पोरगं म्हणालं, "न्हाई." "मग शून्य." पोरगं वर्गातच रडलं. सरांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी पुढचा नंबर पुकारला.

आणखी एक नियम होता. सेमिनारच्या आधी त्यांना काहीच दाखवायचं नाही. कुणी वही घेऊन गेलं तर ते दोन्ही हात कानावर ठेवायचे. "शनिवारी. मी पण तुमच्यासारखाच ऐकायला बसणार."

दुसऱ्या वर्षी त्यांनी मला स्वतःच्या वहीतले अकरा वर्षांचे आकडे उतरवून घ्यायला सांगितले. "माझी रेघ बराबर आहे का, ते तू काढून दाखव." माझ्या अक्षरावर आणि बेरजांवर त्यांचा भरवसा होता.

मी महिनाभर बेरजा केल्या. प्रत्येक महिन्याची सरासरी त्या महिन्याच्या नेहमीच्या सरासरीहून किती वर-खाली ते काढलं आणि ग्राफ पेपर डिंकानं एकाला एक चिकटवून लांबलचक पट्टी केली. घरात जागा पुरेना, म्हणून अंगणात अंथरून कडेला दगड ठेवले. बा मेंढ्या कोंडून आला. पट्टीच्या एका टोकाला उभा राहून त्यानं दुसऱ्या टोकापर्यंत नजर टाकली. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं.

"काय हाय हे?"

"ऊन कसं चढत गेलं ते."

"चढत कुठं गेलंय?" बा म्हणाला. "ह्यो चढ न्हाई. इथपस्तोर सपाट हाय, अन् इथून म्होरं सपाट हाय. मधी पायरी हाय."

मी पाहिलं. आकड्यांकडं पाहता पाहता महिनाभर मला जे दिसलं नव्हतं, ते काठी टेकून उभ्या माणसाला एका नजरेत दिसलं होतं. मी आकड्यांचे दोन भाग केले, पायरीच्या आधीचे आणि नंतरचे. दोन्ही भागांत कुठंच चढ निघेना. जे काही वाढलं होतं, ते एकाच उन्हाळ्यात, एका उडीत वाढलं होतं. अंशाच्या वर. मी तीनदा बेरजा केल्या. मला वाटलं, मीच कुठंतरी चुकतेय, अकरा वर्षं मोजणारा माणूस कसा चुकेल?

सोमवारी पट्टी गुंडाळून मी स्टाफरूमच्या दाराशी गेले. "सर, जरा एक बघता का?" सरांनी दोन्ही हात कानावर ठेवले.

तो शनिवार मार्चातला. नेमका त्याच दिवशी विद्यापीठातून सरांचे मार्गदर्शक आले होते. प्रबंध महिन्यापूर्वी दाखल झाला होता, तोंडी परीक्षा तेवढी राहिली होती. प्राचार्यांनी हार आणला होता. पहिल्या रांगेत पाहुणे, प्राचार्य, आणि खाली सतरंजीवर मांडी घालून सर, हातात वही, माझ्याकडं बघत.

मी पट्टी टांगली. आधी सरासऱ्या सांगितल्या, मग दोन भाग दाखवले. शेवटी मी म्हणाले, "मला रेघ सापडली नाही. एक उडी सापडली. उडी काहून आहे ते मला कळलं नाही. माझी चूक असू शकते."

पाहुणे चष्मा पुसू लागले. दाराशी मामा स्टुलावरून उठले. नियमानं त्यांना प्रश्न विचारायचा हक्क होता.

"पोरी, उडी कोणत्या सालची म्हणलीस?"

मी साल सांगितलं, महिना सांगितला.

"मग तवाच तर पेटी हलवली की," मामा सहज म्हणाले. "त्या बांधाकडच्या कुंपणाची भिंत बांधाया घेतली व्हती, पेटी वाटंत येत व्हती. आदी तिकडं तुरीच्या बांधाला व्हती ती. आपणच उचलली न्हाई का सर? एका अंगाला म्या, एका अंगाला तुमी."

सर सतरंजीवर बसूनच होते. त्यांचा चेहरा मी अजून विसरले नाही. रंग उतरणं म्हणतात ते मी वाचलं होतं. त्या दिवशी पाहिलं.

"तीस पावलं," ते म्हणाले. "मी मोजली होती."

"मग?" पाहुण्यांनी विचारलं.

"पावलंच मोजली. फरक मोजला नाही."

ते उठले आणि वर्गातून बाहेर गेले. खिडकीतून आम्ही बघत होतो. पेटीजवळ जाऊन त्यांनी पत्र्याच्या भिंतीवर तळहात टेकवला आणि चटका बसून मागं घेतला. मग पावलं टाकत तुरीच्या बांधापर्यंत गेले. भर दुपारी, उघड्या डोक्यानं, तिथं कितीतरी वेळ उभे राहिले. प्राचार्य मला दबक्या आवाजात म्हणाले, "हे काय करून ठेवलंस?"

सर परत आले तेव्हा पाहुणे समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो, एवढंतेवढं सगळ्यांच्याच आकड्यांत असतं. शेवटी एक टीप टाकून देऊ. तोंडी परीक्षेत कोण विचारणार आहे?"

"हिनं विचारलं ना," सर म्हणाले. "मी प्रबंध परत घेतो."

प्राचार्य हसले. त्यांना वाटलं, रागाच्या भरात बोलले. सोमवारी सर सकाळच्या पहिल्या एसटीनं विद्यापीठात गेले आणि खरंच प्रबंध परत घेऊन आले.

माझे पुढचे दिवस कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही. प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, "कुणाच्या सांगण्यावरून केलंस?" दुसऱ्या एका प्राध्यापकाचा यात हात आहे, अशी त्यांची खात्री होती. जीपमधल्या पोरी माझ्याशी बोलेनात. घरी बा म्हणाला, "गुर्जीच्या भाकरीवर पाय दिलास व्हय गं?" मी म्हटलं, "पायरी तूच दाखवलीस." तो त्या रात्री जेवला नाही. कॉलेज सोडायचं मी मनाशी ठरवलं होतं.

तिसऱ्या का चौथ्या रविवारी आमच्या दारात जीप थांबली आणि सर उतरले. मायनं घाईनं डोक्यावर पदर घेतला आणि ती घरात गेली. बा हात जोडून उभा राहिला. "मास्तर, लेकरू हाय. चुकलं तिचं."

"चुकलं की नाही तेच बघायचं आहे," सर म्हणाले. घोंगडीवर बसले, पाणी प्याले. "मी दुसरी पेटी करतोय. जुन्या जागी लावणार. वर्षभर रोज सकाळी एकाच वेळी दोन्ही पेट्या वाचायच्या. भिंतीजवळची मी वाचीन, जुन्या जागेवरची हिनं वाचायची. हिला सातच्या जीपला पाठवाल का?"

बानं माझ्याकडं पाहिलं. "पाठवतो जी," तो म्हणाला.

दुसरी पेटी तयार झाली तेव्हा काकूंनी मला घरी बोलावलं. खिडक्यांच्या जागी नुसती भोकं होती. सर राहायचे ते भाड्याचं घर जुनं, त्याच्या खिडक्यांना तिरप्या पट्ट्यांची दारं होती. सरांनी ती काढून पेटीला लावली होती. "आता शेजारच्या शेळ्या घरात तोंड घालतेत," काकू म्हणाल्या. "घरमालक रोज दारात उभा. काय सांगू त्याला?" त्या रागावलेल्या होत्या की हसत होत्या, मला कळेना. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "तू काय करतीस बाई. भाकरी खाऊन जा."

वर्षभर आम्ही मोजलं. साडेआठला सर पेटीपाशी, मी बांधाला. ते "घे!" म्हणून ओरडायचे, आम्ही एकदमच वाचायचो. एकमेकांना आकडा सांगायचा नाही, चिठ्ठीवर लिहून चहाच्या रिकाम्या डब्यात टाकायचा. संध्याकाळी घरी सर चिठ्ठ्या उघडून वहीत उतरवायचे. रविवारी माझ्या जागी मामा असायचे. एकदा जीप बिघडली, मी नऊ वाजून गेल्यावर पोचले आणि भीतीनं अंदाजानं आकडा लिहून चिठ्ठी टाकली. दुसऱ्या दिवशी सरांनी वही उघडून दाखवली. त्या तारखेची जागा कोरी होती. "तू नव्हतीस," ते म्हणाले. "कोरी जागा चालते. असं लिहिलेलं चालत नाही." याच्यापुढं एक शब्द नाही. त्यांनी ओरडायला हवं होतं.

वर्ष भरलं. फरक होता. पावसाळ्यात जवळजवळ नाही, थंडीत थोडा, आणि उन्हाळ्यात, सिमेंट आणि पत्रा तापला की, अंशाच्या वर. सरांनी जुने आकडे महिन्या-महिन्यानं दुरुस्त केले. तांबडी रेघ आडवी झाली. किंचित चढ राहिला, पण चुकीची शक्यता त्या चढापेक्षा मोठी निघाली. मग त्यांनी सगळा प्रबंध नव्यानं लिहिला. त्याचा शेवट असा होता, की जग तापत असेल, पण या एका पेटीच्या नोंदींवरून ते ना सिद्ध होतं, ना खोटं ठरतं.

दरम्यान प्राचार्यपदावर दुसरे आले. माझं बी.एस्सी. झालं, हिंगोलीला बी.एड. झालं. पदवीचं प्रमाणपत्र न्यायला मी कॉलेजात गेले तो शनिवार होता. वर्गात जाऊन बसले. त्या दिवशी पहिला नंबर सरांचा स्वतःचा होता. फळ्यासमोर उभं राहून त्यांनी विद्यापीठाचं पत्र वाचून दाखवलं. पद्धत निर्दोष आहे, परंतु निष्कर्ष काहीच निघत नसल्यानं प्रबंध स्वीकारता येत नाही, असं त्यात होतं. "प्रश्न?" सरांनी विचारलं. समोरची पोरं एकमेकांकडं बघत होती. एवढ्या मोठ्या माणसानं आपण नापास झाल्याचं पत्र वर्गात वाचून दाखवावं, हे कुणाच्या आवाक्यातलंच नव्हतं. माझ्याही नव्हतं.

मला जीपच्या थांब्यापर्यंत सोडायला ते आले. संध्याकाळचे पाच वाजले असतील. मी म्हटलं, "सर, माझ्यामुळं तुमचं सगळं गेलं. तरी तुम्ही मला घरी येऊन बोलावलंत. मी कधी विसरणार नाही."

ते चालता चालता थांबले.

"मी त्याच्यासाठी नव्हतो आलो," ते म्हणाले. "तू चूक निघावीस म्हणून आलो होतो."

ते पुन्हा चालू लागले.

"वर्षभर तुझा राग राग केला मी. रोज संध्याकाळी चिठ्ठ्या उघडताना वाटायचं, आज तरी दोन्ही आकडे सारखे निघू दे. पावसाळ्यात निघाले ना सारखे? महिनाभर निघाले. तवा मी काकूला शिरा करायला लावला. म्हटलं, जिंकलो. पोरगी चुकली. मग ऊन पडलं आणि फरक परत आला."

मी म्हटलं, "पण सर, वही तर तुमच्याकडंच असायची."

"होती की. चिठ्ठ्या पण माझ्याकडं, पेन्सिल पण माझीच." त्यांनी खिशाकडं पाहिलं. "एकदा खोडरबर हातात घेतलेला होता. एप्रिल होता. लई वेळ हातात धरून बसलो."

"मग?"

"मग काय. काकूनं जेवायला हाक मारली."

ते हे इतक्या साध्या आवाजात बोलले, की मला आधी अर्थच लागला नाही. एवढी वर्षं ज्यांना मी देवाच्या जागी ठेवलं होतं, त्यांच्या आणि खोट्या आकड्याच्या मध्ये एका जेवणाच्या हाकेइतकं अंतर होतं, आणि हे ते मला भर रस्त्यात सांगत होते. न सांगते तर कुणाला कळलं असतं? पाया पडावं की नाही, हे मला ठरवता येईना.

जीप आली. माणसं कोंबलेली होती. सर माझ्याकडं न बघता ड्रायव्हरकडं वळले आणि म्हणाले, "हिला पुढं बसव रे. मागं धूळ लई येते."